इंजिन बांधण्यापूर्वी रॉडचा ‘प्ले’ तपासा



आमचे काम उसाचे. बेणे, लागण, खत, पाणी, रोग-कीड यांविषयी आम्ही या पानांतून आपल्याशी बोलत असतो. या वेळी मात्र ऑईल इंजिनाविषयी, आणि त्यातही त्याच्या एकाच भागाविषयी लिहीत आहोत. ऊसविकास अधिकाऱ्याला इंजिनाचे काय पडले आहे, असे कुणी म्हणेल. पण ऐन उन्हाळ्यात पाणी बंद पडले, तर आम्ही सांगितलेले खत आणि बेणे दोन्ही वाया जाते. म्हणून हा विषय आमचाच आहे असे आम्ही समजतो.

आता बहुतेक विहिरींवर आणि नदीकाठच्या लिफ्टवर विजेच्या मोटारी बसल्या आहेत. तरीही वीज पाळीने येते, रात्री-अपरात्री येते, कधी डी.पी. जळतो. म्हणून मेढा भागात वेण्णेच्या काठाने अजून अनेकांच्या शेडमध्ये जुने डिझेल इंजिन जपून ठेवलेले दिसते. शिवाय बांधणीसाठी पॉवर टिलर आले आहेत, त्यांतही एका सिलिंडरचे डिझेल इंजिनच असते. आपल्या भागाला इंजिन काही परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची डिझेल इंजिने गेल्या शतकात गावोगाव पोचली. तरी इंजिन खोलताना जी गोष्ट आधी बघायची, ती शेवटीसुद्धा बघितली जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

एका पाळीची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची हकीकत. मेढ्याजवळच्या एका सभासदबंधूंचा आडसाली ऊस उत्तम आला होता. फेब्रुवारीत त्यांनी इंजिन खोलले. इंजिन धूर टाकत होते, तेल खात होते. मिस्त्रींनी लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या. आम्ही त्या दिवशी पीकपाहणीसाठी गेलो होतो आणि चहा घेत तिथेच उभे होतो. मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड हातात धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला. थोडा हलला. “एवढं असतंच की सायेब,” ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली.

बोलणे खोटे नव्हते. तेवढे असतेच. पण रॉड वर-खाली ओढून कुणीच पाहिला नाही. मिस्त्रींनी नाही, मालकांनी नाही आणि आम्हीही नाही.

एप्रिलमध्ये इंजिन खालून ठोका मारू लागले. “आवाज करतंय, पण पाणी तर मारतंय की. एवढी पाळी उरकू द्या, मग बघू,” असे ठरले. त्यांनी जरा दाट तेल घातले, आवाज दबला. चौथ्या दिवशी संध्याकाळी रॉडचा बोल्ट तुटला आणि रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला. मुलगा नुकताच दारे धरायला उसात गेला होता म्हणून वाचला. एरवी तो इंजिनापाशीच बसलेला असायचा.

नवी क्रँककेस, क्रँक आणि रॉड मिळवून इंजिन पुन्हा उभे राहायला चोवीस दिवस गेले. दोन पाळ्या चुकल्या. शेजाऱ्यांनी एकदा पाणी दिले, तेवढ्यावर ऊस तगला. तोडणीच्या वेळी आम्ही त्या प्लॉटात गेलो, तर प्रत्येक उसावर साधारण एकाच उंचीला तीन-चार कांड्या आखूड पडलेल्या. खाली लांब कांड्या, वर लांब कांड्या आणि मध्ये त्या चोवीस दिवसांची नोंद. मालक एक ऊस हातात धरून बराच वेळ बघत राहिले. आम्हाला तर मान वर करायला जागा नव्हती.

रॉडवर किती भार येतो?

आपल्याकडे सर्वत्र दिसणारे सात अश्वशक्तीचे उभे, एका सिलिंडरचे इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८७.५ मि.मी., स्ट्रोक ११० मि.मी., फेरे मिनिटाला १५००. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६० चौ.सें.मी. होते. डिझेल पेटते तेव्हा दर चौ.सें.मी.ला ६० किलो दाब धरला, तरी पिस्टनवर ३,६०० किलोचा, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक भार येतो. उसाने भरलेल्या बैलगाडीपेक्षाही जास्त! तो सगळा भार एका कनेक्टिंग रॉडमधून क्रँकपिनवर उतरतो.

फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा डिझेल पेटते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि आठ तासांच्या पाळीत ३ लाख ६० हजार वेळा हा भार येतो. मधल्या वेळी पिस्टन वर जाऊन फिरतो, तेव्हा तोच रॉड उलट ओढला जातो. एकदा दाब, एकदा ओढ. रॉड आणि पिन यांच्यात फट जास्त असेल, तर प्रत्येक वेळी रॉड ती फट ओलांडून पिनवर आदळतो. आपण ऐकतो तो ठोका हाच.

फट मुळीच नको, असे मात्र नाही. फटीत तेलाची पातळ साय असते आणि पिन त्या सायीवर तरंगत फिरते. फट कमी पडली तर तेल शिरत नाही, बेअरिंग तापून पिनला चिकटते. फट जास्त झाली तर तेल बाजूने वाहून जाते आणि साय टिकत नाही. तेलपंप असलेल्या इंजिनात फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाला गळणारे तेल दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. म्हणून बेअरिंग झिजले की तेलाचा दाब पडतो, दाब पडला की बेअरिंग आणखी झिजते. सुरुवातीला झीज हळू असते. एकदा ठोका ऐकू येऊ लागला की मात्र दिवस मोजायचे राहतात.

आडवा प्ले आणि उभा प्ले

सभासद बंधूंनी दोन हालचालींतला फरक पक्का ध्यानात घ्यावा.

आडवा प्ले म्हणजे क्रँकपिनवर रॉड डावी-उजवीकडे सरकतो तो. ही जागा मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल तर गरम झाल्यावर रॉड क्रँकच्या बाजूंना घासेल. आडवा प्ले हाताला सहज लागतो, डोळ्यालाही दिसतो. तो आहे म्हणून बेअरिंग खराब, असे समजू नये. तो आहे म्हणून बेअरिंग चांगले, असेही समजू नये.

उभा प्ले म्हणजे रॉड स्वतःच्या लांबीच्या दिशेने पिनवर वर-खाली हलतो तो. घातक प्ले हाच. तो फार थोडा असतो म्हणून हाताला फसवतो. सर्वसाधारण नियम असा की, पिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास तेलाची फट असावी. पिन ५० मि.मी.ची असेल तर सुमारे ०.०५ मि.मी. म्हणजे डोक्यावरच्या बारीक केसाएवढी. जुने मिस्त्री ‘थाऊ’मध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जवळजवळ ०.०२५ मि.मी. त्या हिशेबाने ही फट दोन थाऊ झाली. नेमका आकडा मात्र प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

हाताच्या परीक्षेबद्दल एक सांगतो. रॉड वर-खाली ओढताना हाताला स्पष्ट ‘टक’ लागली, तर बेअरिंग गेले हे नक्की. पण टक लागली नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे ठरत नाही. फटीत तेल असते, ते हालचाल दाबून टाकते. हात दोष दाखवू शकतो, निर्दोष ठरवू शकत नाही. त्यासाठी मापच लागते.

तपासणी कशी करावी?

(१) आधी सुरक्षितता. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम इंजिनाचे दार लगेच उघडू नये, आत तेलाची वाफ असते. डिझेलची नळी सोडावी, डीकॉम्प्रेशन लिव्हर वर करावा आणि व्हीलला उटी लावावी. त्यानंतरच आत हात घालावा. व्हील थोडे फिरले तरी बोट जाते.

(२) खोलण्यापूर्वीची परीक्षा. उभ्या इंजिनांना बहुधा बाजूला दार असते. पिस्टन वरच्या टोकाला आणून बिग एंड हातात धरावा आणि वर-खाली ओढावा. टक लागते का पाहावे. मग डावी-उजवीकडे सरकवून पाहावे. दोन्ही गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात.

(३) खुणा. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बसवून भोक पाडलेले असते. एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही, तीच कॅप उलटी बसवूनही चालत नाही. बहुतेक ठिकाणी आकडे ठोकलेले असतात. नसतील तर सोडण्यापूर्वी खूण करावी.

(४) धुणे. सर्व भाग स्वच्छ डिझेलने धुवावेत. क्रँकमधील तेलाची भोके तारेने मोकळी करून हवा मारावी. पुसायला धागे सुटणारे वेस्ट वापरू नये. एक धागा तेलाच्या भोकात अडकला तरी नवे बेअरिंग जाते.

(५) पिनचे माप. मायक्रोमीटरने क्रँकपिन किमान चार ठिकाणी मोजावी. पिनच्या दोन्ही टोकांना, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात दोनदा. पिन सगळीकडून सारखी झिजत नाही. ज्या बाजूला भार येतो तिकडे जास्त झिजते आणि अंडाकृती होते. नुसते एक माप घेतले तर झीज लपून राहते. पिनवर नख फिरवावे. नख अडकेल एवढा ओरखडा असेल, तर माप कितीही चांगले येवो, पिन ग्राइंड करावी लागते.

(६) बेअरिंगचे माप. शेल रॉडमध्ये बसवून, कॅप लावून बोल्ट पुस्तकात दिलेल्या ताणाने आवळावेत आणि मग आतला व्यास मोजावा. सैल कॅपवर घेतलेले माप निरुपयोगी. व्यासातून पिनचे माप वजा केले की फट मिळते. उदाहरणार्थ, बेअरिंग ५०.०३ आणि पिन सर्वांत झिजलेल्या बाजूला ४९.९१ असेल, तर फट ०.१२ मि.मी. झाली. ५० मि.मी.च्या पिनला ती साधारण नियमाच्या दुपटीहून जास्त आहे. असे इंजिन नव्या पिस्टन-लायनरवर बांधणे म्हणजे भोके पडलेल्या पाटात नवे पाणी सोडणे होय.

(७) मायक्रोमीटर नसेल तर. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. पिन कोरडी करून त्याचा तुकडा पिनच्या लांबीने ठेवावा, कॅप पुऱ्या ताणाने आवळावी, क्रँक अजिबात फिरवू नये, मग कॅप सोडावी. धागा जेवढा रुंद चेपला तेवढी फट कमी. सोबतच्या कागदी पट्टीवर रुंदी ताडून आकडा वाचता येतो. पिन अंडाकृती असल्याचे मात्र याने एका तपासणीत कळत नाही.

(८) आडवा प्ले. रॉड एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूच्या फटीत फिलर गेजची पाती घालावी. जी पाती किंचित अडून सरकते ते माप. ते पुस्तकाच्या मर्यादेत असले म्हणजे झाले. मर्यादेबाहेर गेले तर रॉडची किंवा क्रँकची बाजू झिजली आहे. रॉड वाकडा असण्याचाही संभव असतो.

(९) वरचे टोक. गजन पिन तेल लावून बुशात अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे. आपल्या वजनाने खाली घसरली तर बुश झिजला. जुना पिस्टन फेकण्यापूर्वी नीट पाहावा. त्याची एक बाजू वर आणि समोरची बाजू खाली घासलेली दिसली, तर रॉड वाकला आहे. असा रॉड नव्या पिस्टनलाही तसाच खाईल.

पिन झिजली असेल तर

क्रँक ग्राइंडिंगला द्यावी. शेल बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. कमी मापाचे मिळतात. कुठल्या मापाचे शेल मिळतात ते आधी पाहावे आणि मगच तेवढी पिन उतरवावी. ग्राइंडिंग करणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी. पिन आणि क्रँकची बाजू जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली गोलाई राखली पाहिजे. तो कोपरा काटकोनी तासला की तिथूनच क्रँकला चीर जाते. काम परत आल्यावर स्वतः मोजून घ्यावे. काहींना हा अविश्वास वाटतो. पण काट्यावर उसाचे वजन आपणही डोळ्यांसमोर करून घेतोच ना?

हे करू नका

फट कमी करायची म्हणून कॅप कानशीने घासू नये. भोक गोल राहत नाही आणि रॉड कायमचा बाद होतो. शेलमागे कागद किंवा पत्रा घालू नये. शेलची उष्णता रॉडमध्ये उतरत नाही, शेल हलतो आणि फिरतो. दोन शेलांपैकी एकच बदलू नये. पिन पॉलिशपेपरने घासून गोल होत नाही. ठोका लपवण्यासाठी दाट तेल घालू नये. आमच्या वरच्या हकीकतीत नेमके हेच घडले होते.

बोल्टविषयी विशेष. रॉड बाहेर येण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ताणलेला जुना बोल्ट. पुस्तकात नवे सांगितले असतील तर नवेच घालावेत. टॉर्क पान्याने, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करून आवळावेत. लॉकपत्ती आणि स्प्लिट पिन जुनी वापरू नये. “हाताचा अंदाज हाय आमचा,” असे म्हणणारे मिस्त्री अनुभवी असतात, त्यांचा आम्ही आदर करतो. पण त्यांच्याही हाताला सकाळी एक जोर असतो आणि संध्याकाळी दुसरा.

मोटारसायकलचे आणि छोट्या पेट्रोल इंजिनाचे वेगळे

फवारणी पंप, गवत कापायचे यंत्र, मोटारसायकल यांच्या इंजिनात बहुधा शेल नसतात. रॉडच्या खालच्या टोकाला सुयांसारख्या रोलरचे बेअरिंग असते आणि क्रँक दोन भाग दाबून जोडलेली असते. परदेशात शेतीच्या कामाला चार चाकी मोटारसायकली वापरतात, त्यांतही बहुधा हीच रचना असते. तिथे हाताची परीक्षा जास्त उपयोगी. आडवा प्ले फिलर गेजने मोजावा आणि तो मर्यादेत असला तर चालतो. उभा प्ले मात्र हाताला मुळीच लागता कामा नये. बोट ठेवून किंचितही टक लागली तर रॉड, पिन आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलावा. हे काम प्रेसवर करून क्रँक पुन्हा सरळ फिरते की नाही ते डायल गेजवर पाहावे लागते. घरी हातोड्याने करू नये.

बांधल्यानंतर

सर्व आवळून झाल्यावर क्रँक हाताने दोन-चार फेरे फिरवावी. कुठे अडखळली तर तसेच सुरू करू नये, उघडावे. सुरुवातीचे काही तास हलक्या भारावर चालवावे. पहिले तेल पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लवकर बदलावे आणि सांडलेल्या तेलात चमकणारी भुकटी आहे का ते उन्हात धरून पाहावे. पिनचे माप, शेलचे माप, फट, आडवा प्ले आणि तारीख एवढे पाच आकडे शेडमध्ये टांगलेल्या वहीत लिहावेत. पुढच्या वेळी इंजिन खोलाल तेव्हा किती झीज झाली ते कळेल.

ही हत्यारे एकट्याने घ्यायला महाग वाटतील. लिफ्ट सोसायटीने किंवा चार भावांनी मिळून एक मायक्रोमीटर, एक फिलर गेज आणि एक टॉर्क पाना घेतला, तर सर्वांचे काम भागते. वस्तू ज्याच्याकडे राहील त्याने तेल लावून डबीत ठेवावी, म्हणजे झाले.

शेवटी वेळेविषयी. वेण्णेला पाणी चढण्यापूर्वी आपण इंजिन काठावरून वर आणतोच. त्यानंतर ते चार महिने शेडमध्ये नुसते बसून असते. तपासणीचे दिवस हेच. श्रावणात खोललेले इंजिन दिवाळीपर्यंत सावकाश, नीट आणि पैसे जमतील तसे बांधता येते. चैत्रात खोललेले इंजिन मात्र घाईतच बांधले जाते आणि घाईत माप कुणी घेत नाही.

मिस्त्री रॉड डावी-उजवीकडे हलवून दाखवतील, तेव्हा आपण एवढेच म्हणावे, “आता जरा वर-खाली ओढा, आन् मग मोजूया.” त्या दिवशी आम्ही एवढे बोललो असतो, तर त्या कांड्या आखूड पडल्या नसत्या.

कळावे,

आपला,
ऊसविकास अधिकारी